प्रार्थना कशाची करायची?

फुप्फुस प्रत्यारोपणाच्या प्रतीक्षा यादीत नाव लागले की घरादाराचे कान फोनकडे लागतात. चर्चमध्ये रविवारी त्या आजाऱ्याचे नाव घेतले जाते, शेजारी मेणबत्त्या लावतात, मित्रमंडळी ‘लवकर बोलावणे येवो’ म्हणून शुभेच्छा देतात. त्या बोलावण्याचा अर्थ सगळ्यांना ठाऊक असतो, पण तो कुणी मोठ्याने उच्चारत नाही. बोलावणे आले म्हणजे दुसऱ्या कुठल्या तरी घरातला माणूस त्याच दिवशी गेला. अपघात झाला असेल, मेंदूत रक्तस्राव झाला असेल. मूत्रपिंड सख्खा भाऊ देऊ शकतो. दोन्ही फुप्फुसे देऊन मात्र कुणी जिवंत राहू शकत नाही.

मग श्रद्धा असलेल्या माणसाने देवापाशी मागायचे तरी काय?

हा प्रश्न सिस्टिक फायब्रोसिसच्या रुग्णांइतका फार थोड्यांना छळतो. हृदयविकाराचा झटका माणसाला विचार करायला सवड देत नाही. हा आजार मात्र जन्मापासून सोबत असतो आणि फुप्फुसे निकामी व्हायची वेळ बहुधा ऐन विशी-तिशीत येते. त्या वयापर्यंत रुग्णाने मरणाचा विचार कित्येकदा केलेला असतो. ज्याची फुप्फुसे त्याला मिळणार, तोही पुष्कळदा त्याच्याच वयाचा असतो.

न्यूयॉर्कच्या डॉ. डोरोथी अँडरसन यांनी १९३८ मध्ये या आजाराचे पहिले नेटके वर्णन केले. पुढे एक्कावन्न वर्षांनी, १९८९ मध्ये, सातव्या गुणसूत्रावरचा सदोष जनुक सापडला. पेशींच्या आतबाहेर मिठाची आणि पाण्याची ये-जा सांभाळण्याचे काम या जनुकाचे. आई आणि वडील दोघांकडून त्याची सदोष प्रत आली तर मूल आजारी होते. घाम खारट होतो, स्वादुपिंडाच्या नळ्या तुंबतात, अन्न अंगी लागत नाही. फुप्फुसातला ओलसर पातळ थर घट्ट चिकट कफ बनतो आणि त्यात जंतू ठाण मांडतात. १९५० च्या दशकात अमेरिकेतही यातली बहुतेक मुले शाळेचे वय गाठत नव्हती. प्रतिजैविके, पाचक विकरे आणि छातीवर थापट्या मारून कफ सुटा करण्याचा रोजचा व्यायाम यांच्या बळावर आयुष्य हळूहळू वाढत गेले. १९८० च्या दशकात त्यात प्रत्यारोपणाची भर पडली.

कॅलिफोर्नियातल्या अ‍ॅनाबेल आणि इसाबेल स्टेन्झेल या बहिणींची कहाणी इथे आठवावीच लागते. या एकरूप जुळ्या मुली १९७२ मध्ये जन्मल्या. आई जपानी, वडील जर्मन. जपानी लोकांत हा आजार अतिशय विरळा, तरीही आईकडे तो जनुक होता आणि तो दोघींपर्यंत पोचला. लहानपणापासून त्या एकमेकींच्या छातीपाठीवर थापट्या मारून कफ काढत. एकीचा श्वास दुसरीच्या हातांवर अवलंबून असे. अ‍ॅनाबेलला २००० मध्ये नवी फुप्फुसे मिळाली, इसाबेलला २००४ मध्ये. अ‍ॅनाबेलच्या शरीराने पुढे ती फुप्फुसे नाकारली आणि २००७ मध्ये तिचे दुसऱ्यांदा प्रत्यारोपण झाले. त्याच वर्षी दोघींचे आत्मकथन ‘द पॉवर ऑफ टू’ प्रसिद्ध झाले आणि २०११ मध्ये त्याच नावाचा माहितीपट आला. एकाच जनुकसंचाच्या या दोघींनी तीन अनोळखी माणसांच्या फुप्फुसांनी श्वास घेतला.

प्रार्थनेच्या प्रश्नाला एक उत्तर नेहमी दिले जाते, आणि ते खोटे नाही. दात्याचे मरण आणि दात्याचे दान या दोन वेगळ्या घटना आहेत. यादीत कुणीही नसते तरी तो अपघात झालाच असता. रुग्णाने मागायचे असेल तर ते त्यानंतरच्या क्षणासाठी: दुःखाने कोसळलेल्या त्या घरच्यांना होकार देण्याचे बळ मिळो. कायद्यानेही या दोन घटनांमध्ये मुद्दाम भिंत उभारली आहे. मेंदूमृत्यू ठरवणारे डॉक्टर प्रत्यारोपण करणाऱ्या पथकातले नसावेत, हा नियम जगभर पाळला जातो. भारताच्या १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यातही तो आहे. हा कायदा सर्वांत आधी ज्या राज्यांत लागू झाला, त्यांत महाराष्ट्र आणि गोवा होते, सोबत हिमाचल प्रदेश.

पण मनाला अशी भिंत घालता येत नाही. ऑक्सिजनच्या नळीला जोडलेला तरुण पावसाळी रात्री खिडकीतून रस्त्यावरची वाहने पाहतो, तेव्हा त्याच्या मनात काय येते, हे त्याला कुणी विचारत नाही आणि तो सांगतही नाही. या विचारासाठी स्वतःला पापी ठरवणारे रुग्ण असतात. त्यांना ‘असा विचार करू नकोस’ म्हणणे सोपे असते. मनात आलेला विचार ही इच्छा नव्हे, आणि इच्छा झाली तरी ती कृती नव्हे, हे त्यांना शांतपणे सांगणारा धर्मोपदेशक जास्त उपयोगी पडतो. जगण्याची ओढ कुणाच्या मरणाच्या शक्यतेला स्पर्श करून जाते, म्हणून ती अपवित्र होत नाही.

धर्मसंस्थांनी या प्रश्नाला आपापल्या परीने तोंड दिले आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी ऑगस्ट २००० मध्ये रोममध्ये भरलेल्या प्रत्यारोपणतज्ज्ञांच्या जागतिक परिषदेत अवयवदानाला प्रेमाची कृती म्हणून मान्यता दिली आणि काटेकोर तपासण्या झाल्या असतील तर मेंदूमृत्यूचा निकष नैतिकदृष्ट्या स्वीकारता येतो, असे सांगितले. जपानमध्ये मात्र हा वाद फार खोल गेला. १९६८ मध्ये साप्पोरो इथे डॉ. वादा यांनी देशातले पहिले हृदय प्रत्यारोपण केले. दाता बुडून अत्यवस्थ झालेला विद्यार्थी होता. तो खरोखर मेला होता का, हा संशय कधीच फिटला नाही आणि डॉक्टरांवर खुनाची तक्रारही झाली. पुढची तीस वर्षे मेंदूमृत्यूनंतरचे दान जपानमध्ये जवळपास ठप्प झाले. १९९७ मध्ये कायदा आला, तोही इतका कडक की स्वतः दात्याने आधी लेखी संमती दिलेली असणे बंधनकारक होते. २०१० मध्ये तो सैल होईपर्यंत असे शंभर दातेसुद्धा झाले नाहीत. म्हणून जपानी शल्यविशारदांनी दुसरी वाट धरली: दोन जिवंत नातेवाइकांच्या फुप्फुसांचा एकेक खंड काढून रुग्णाला बसवायचा.

तत्त्वचिंतक ताकेशी उमेहारा यांचे म्हणणे या वादात वेगळे उठून दिसते. सरकारी आयोगात त्यांनी अल्पमतात राहून मेंदूमृत्यूला माणसाचे मरण मानायला नकार दिला. उबदार शरीर, धडधडणारे हृदय, खालीवर होणारी छाती समोर असताना ‘हा गेला’ म्हणणे त्यांना पटले नाही. तरीही स्वतःहून अवयव देणाऱ्याला त्यांनी विरोध केला नाही. दुसऱ्यासाठी शरीर देणे हे बोधिसत्त्वाचे आचरण आहे, असे ते मानत. याच जपानमध्ये स्टेन्झेल भगिनी आईच्या देशातल्या लोकांशी बोलायला गेल्या. नव्या फुप्फुसांनी भरलेल्या छातीने त्यांनी तिथल्या श्रोत्यांना अवयवदानाबद्दल सांगितले.

उमेहारांच्या बौद्ध परंपरेकडे या विषयावरची एक विलक्षण कथा आहे. नागार्जुनाच्या नावावर असलेला महाप्रज्ञापारमितेवरचा एक प्रचंड भाष्यग्रंथ कुमारजीवाने पाचव्या शतकाच्या आरंभी चिनी भाषेत आणला. मूळ संस्कृत ग्रंथ आज उपलब्ध नाही. त्यात एक वाटसरू रात्री ओसाड घरात मुक्काम करतो. एक राक्षस प्रेत खांद्यावर घेऊन येतो, मागोमाग दुसरा येतो आणि प्रेत माझे म्हणून भांडू लागतो. वाटसरूला साक्ष द्यायला लावतात. तो खरे सांगतो: प्रेत पहिल्याने आणले. चिडलेला दुसरा राक्षस त्याचा हात उपटतो. पहिला लगेच प्रेताचा हात काढून त्याला जोडतो. असे करत करत सगळे शरीर बदलते. मग दोघे वाटसरूचे मूळ शरीर खाऊन निघून जातात. सकाळी तो माणूस वेड्यासारखा विचारत सुटतो, ‘आईबापांनी दिलेले माझे शरीर तर माझ्या डोळ्यांदेखत खाल्ले गेले. मग आता मी आहे की नाही?’ त्याला भिक्षू भेटतात. ते सांगतात, हे आजच घडले असे समजू नकोस, तुझे शरीर आरंभापासूनच असे होते, मिळून आलेले आणि ‘मी’ नसलेले.

दीड हजार वर्षांहून जुनी ही कथा प्रत्यारोपणाच्या वॉर्डात वाचली तर अंगावर काटा येतो. सिस्टिक फायब्रोसिसच्या रुग्णाच्या शरीरात ती अक्षरशः घडलेली असते. नवी फुप्फुसे दात्याच्या पेशींची असतात आणि त्या पेशींतला जनुक निर्दोष असतो, त्यामुळे त्यांत हा आजार कधीच होत नाही. पण नाक, नाकाभोवतीच्या पोकळ्या, स्वादुपिंड, आतडी, घाम हे सगळे जुनेच राहते. एकाच देहात दोन माणसांचे जनुक शेजारी नांदतात, एक आजारी आणि एक निरोगी. नाकाच्या पोकळ्यांत वर्षानुवर्षे दडलेले स्यूडोमोनास जंतू खाली उतरून नव्या फुप्फुसांवर हल्ला करू शकतात.

फ्रेंच तत्त्ववेत्ते जाँ-ल्यूक नान्सी यांना १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला दुसऱ्याचे हृदय बसवले गेले. २००० मध्ये त्यांनी या अनुभवावर एक छोटे पुस्तक लिहिले. त्यांच्या चिंतनाच्या मध्यभागी ‘घुसखोर’ आहे: परके हृदय, त्याला सामावून घेण्यासाठी दाबून टाकलेली स्वतःची प्रतिकारशक्ती आणि त्यातून उठणारे कर्करोगासारखे नवे परके. आपण कुठे संपतो आणि परके कुठे सुरू होते, हेच कळेनासे होते, असे त्यांना दिसले. सिस्टिक फायब्रोसिसमध्ये हेच चित्र उलटे होते. इथे आजार बाहेरून आलेला नसतो. तो प्रत्येक पेशीत, आईबापांच्या वारशातच असतो. ‘माझे’ म्हणावे असे जे जे आहे ते आजारी, आणि जे निरोगी आहे ते परक्याचे. आत्मनिर्भरतेचा अभिमान या देहात टिकू शकत नाही. जे मला जगवते ते मुळात माझे नाही, हे सत्य प्रत्येक माणसाला लागू आहे. या रुग्णाला ते रोज सकाळी मोजून पाहावे लागते.

मोजून हा शब्द इथे शब्दशः घ्यायचा. शस्त्रक्रियेत फुप्फुसांच्या नसा तुटतात, त्यामुळे नव्या फुप्फुसांत कफ साठला तरी खोकल्याची उबळ पूर्वीसारखी येत नाही. शरीर स्वतःहून सांगत नाही, म्हणून रुग्ण रोज एका छोट्या यंत्रात फुंकून आकडा टिपून ठेवतो. आकडा घसरू लागला की रुग्णालय गाठायचे. टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट, प्रेडनिसोलोन ही औषधे ठरल्या वेळी आणि आयुष्यभर घ्यायची. आतडी अन्न नीट शोषत नाहीत, म्हणून औषधाचे रक्तातले प्रमाण सांभाळणे यांना इतरांपेक्षा अवघड जाते. ग्रेपफ्रूट वर्ज्य, कच्चे मांस वर्ज्य, बुरशीच्या मातीत हात घालणे वर्ज्य. मधुमेह, मूत्रपिंडांची झीज, त्वचेचे आणि आतड्याचे कर्करोग यांची टांगती तलवार असते. सगळे पाळूनही शरीर कधीतरी नव्या फुप्फुसांतल्या बारीक श्वासनलिका बुजवू लागते. या रुग्णांपैकी निम्मे प्रत्यारोपणानंतर साधारण दहा वर्षे जगतात. कुणी त्याहून कितीतरी अधिक, कुणी काही दिवसच.

हे सगळे पाळण्याला व्रताचे रूप येते आणि ते कुणासाठी पाळायचे, हेही उघड असते. मार्सेल मोस यांनी १९२५ मध्ये दानावरच्या प्रसिद्ध निबंधात दाखवले की दान परतफेड मागते. ती शक्य झाली नाही तर घेणारा दबून जातो. रेने फॉक्स आणि ज्युडिथ स्वेझी या अभ्यासकांनी प्रत्यारोपणाच्या वॉर्डांत वर्षानुवर्षे वावरून हा भार जवळून पाहिला आणि त्याला दानाचा जुलूम म्हटले. दाता मेलेला, त्याचे घरचे बहुधा अनोळखी, आणि मिळालेली वस्तू अशी की तिची बरोबरी कशानेच होणार नाही. संस्थेमार्फत नाव न देता आभाराचे पत्र पाठवता येते. ते लिहायला बसलेल्या कित्येकांना वर्षानुवर्षे पहिली ओळ सुचत नाही.

आपल्याकडे दधीचीचे नाव या संदर्भात हमखास घेतले जाते. पण दधीचीला कोण मागतो आहे आणि कशासाठी, हे माहीत होते. देव त्याच्यासमोर उभे होते. मृत दात्याला घेणाऱ्याचा चेहरा कधीच दिसत नाही. गीतेतली जीर्ण वस्त्रांची उपमाही अवयवदानाच्या सभांतून सांगितली जाते, आणि देणाऱ्याच्या घरच्यांना तिने धीर येतही असेल. घेणाऱ्याला मात्र ती अपुरी पडते. त्याला मिळालेली वस्तू टाकून दिलेल्या कपड्यासारखी मुळीच वाटत नाही. तिच्याशिवाय तो पायरीही चढू शकत नव्हता.

आपल्याच परंपरेतली ऋणाची कल्पना इथे अधिक खरी ठरते. देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण घेऊनच माणूस जन्मतो, असे वैदिक वाङ्मय मानते. यातले पितृऋण फेडण्याची रीत निराळी आहे. ते संततीला जन्म देऊन, वंश पुढे नेऊन फिटते. ज्यांनी दिले त्यांना परत करायचे नाही, पुढच्याला द्यायचे. मोस यांचे परतफेडीचे वर्तुळ इथे सुटून सरळ रेघ होते. सिस्टिक फायब्रोसिसच्या बहुसंख्य पुरुषांना नैसर्गिकरीत्या अपत्य होत नाही, हे लक्षात घेतले तर या रेघेला आणखी अर्थ येतो. देण्याचे दुसरे मार्ग त्यांनी शोधले आहेत.

बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात मे १९८७ मध्ये घडलेली गोष्ट याची साक्ष आहे. सिस्टिक फायब्रोसिस झालेल्या एका तरुणाला अपघातात गेलेल्या दात्याचे हृदय आणि फुप्फुसे एकत्रच बसवली गेली. त्या काळी ही शस्त्रक्रिया तशीच करत. त्याचे स्वतःचे हृदय मात्र धडधाकट होते. ते त्याच दिवशी दुसऱ्या रुग्णाला देण्यात आले. अमेरिकेत जिवंत माणसाने आपले हृदय दुसऱ्याला दिल्याची ही पहिली वेळ. घेणारा आणि देणारा एकच माणूस होता आणि मध्ये काही तासही गेले नाहीत.

क्लेअर वाइनलँड या तरुणीने आजारातल्या जगण्याविषयी जाहीर व्याख्याने देऊन हजारोंना धीर दिला. प्रत्यारोपण करायचे की नाही, याचा तिने फार काळ विचार केला आणि शेवटी होकार दिला. २०१८ च्या ऑगस्टअखेर तिला नवी फुप्फुसे मिळाली. शस्त्रक्रियेनंतर तिला पक्षाघाताचा झटका आला आणि आठवडाभरात, एकविसाव्या वर्षी, ती गेली. तिच्याच इच्छेप्रमाणे तिची मूत्रपिंडे दोन रुग्णांना देण्यात आली.

इथे श्रद्धेपुढे सर्वांत कठीण प्रश्न येतो. वाचलेल्या रुग्णाला लोक प्रेमाने म्हणतात, ‘देवाने तुला कशासाठी तरी राखले.’ मग जे राहिले नाहीत त्यांचे काय? अ‍ॅनाबेल स्टेन्झेलला २००७ मध्ये दुसरे प्रत्यारोपण मिळाले आणि सहा वर्षांचे आयुष्य लाभले. कॅनडाच्या ईव्हा मार्कव्होर्टचे पहिले प्रत्यारोपणही २००७ मधलेच. तिची फुप्फुसेही शरीराने नाकारली आणि दुसऱ्या प्रत्यारोपणाची वाट पाहत मार्च २०१० मध्ये, पंचविसाव्या वर्षी, तिने प्राण सोडला. एकीसाठी प्रार्थना कमी पडली, असे म्हणायला कुणाची जीभ रेटेल? रक्तगट, छातीचे माप, दात्याचे रुग्णालयापासूनचे अंतर, यादीतला क्रम यांवर हे ठरते. देवाने निवड केली, असे मानणारा धर्मविचार या दोन मुलींपुढे उभा राहू शकत नाही. कृतज्ञता मात्र उभी राहते, कारण तिला निवड झाल्याची खात्री लागत नाही. मिळाले, आणि ते आपल्या लायकीमुळे मिळाले नाही, एवढे समजणे तिला पुरते.

अ‍ॅनाबेल स्टॅनफर्डमध्ये जनुकीय समुपदेशक म्हणून काम करत होती, आजाराचा वारसा घेऊन येणाऱ्या कुटुंबांना धीर देत होती. २०१३ मध्ये एकेचाळिसाव्या वर्षी कर्करोगाने ती गेली. इसाबेलने समाजकार्यकर्ती म्हणून मरणपंथाला लागलेल्यांसोबत आणि मागे राहिलेल्यांसोबत काम केले. ज्या घरांत ती जात होती, तशाच एका घरातून कधीकाळी तिची फुप्फुसे आली होती.

ऑक्टोबर २०१९ मध्ये अमेरिकेत ट्रायकाफ्टा या तीन द्रव्यांच्या गोळीला मान्यता मिळाली. ती सदोष प्रथिनालाच कामाला लावते. सर्वाधिक आढळणाऱ्या जनुकदोषाच्या रुग्णांना तिने असा दिलासा दिला की अमेरिकेत या आजारासाठी वर्षाला होणारी फुप्फुस प्रत्यारोपणे दोनशेच्या घरातून काही काळातच शंभराच्या खाली आली. ज्यांचे बोलावणे आधीच येऊन गेले होते, त्यांच्या नव्या फुप्फुसांना या गोळीची गरजच नव्हती. ज्यांचे जनुकदोष तिला दाद देत नाहीत, त्यांना ती लागू पडत नाही, आणि अशा रुग्णांचे प्रमाण भारतासारख्या देशांत युरोपपेक्षा जास्त आहे. शिवाय तिची अमेरिकेतली छापील किंमत वर्षाला तीन लाख डॉलरच्या वर.

श्वासासाठी मागणे मागायचे, तर आता ते वेगळ्या दारात मागता येते. २०२३ च्या आरंभी भारत, दक्षिण आफ्रिका, ब्राझील आणि युक्रेनमधल्या रुग्णांनी व त्यांच्या घरच्यांनी आपापल्या देशांत या औषधाची पेटंटची मक्तेदारी मोडून ते स्वस्तात बनू द्यावे, अशी मागणी केली. ती मान्य होण्यासाठी कुठल्याही घरात कुणी मरावे लागत नाही. दिल्लीच्या एम्समध्ये आणि वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात घामाची तपासणी करून या मुलांचे निदान होते. पूर्वी दम्याच्या किंवा क्षयाच्या नावाखाली उपचार होऊन अशी कितीतरी मुले दगावत. आज तिथे येणाऱ्या ज्या मुलांना ही गोळी लागू पडेल आणि ज्यांची फुप्फुसे अजून शाबूत आहेत, त्यांना ती वेळेवर मिळाली, तर त्यांतल्या बहुतेकांवर प्रत्यारोपणाच्या यादीत नाव घालण्याची पाळी येणार नाही.